वाचताना पडला की लिहिताना? मेमरीवरचे वाचकांचे प्रश्न

ह्या वेळच्या पत्रांमध्ये मेमरीचे प्रश्न इतके होते की सगळी पानं त्यालाच द्यायची ठरवलं. उत्तरांआधी एक गोष्ट सांगते, कारण ती खालच्या प्रत्येक उत्तरात येणारच आहे. प्रोग्राम पडला की आपण सगळे पहिलं विचारतो 'कुठल्या ओळीवर पडला?' मी म्हणते त्याच्याही आधी विचारा, वाचताना पडला की लिहिताना? कारण जिथे जागाच नाही तिथे हात घातला तर प्रोसेसर लगेच ओरडतो, ते सोपं असतं, पण जागा आहे, लिहायची परवानगीही आहे आणि फक्त ती आपली नाही, अशा ठिकाणी काही लिहिलं गेलं तर त्या क्षणी काहीच होत नाही, बोंब होते नंतर, जेव्हा दुसरंच कोणीतरी येऊन ती जागा वाचतं, आणि मग आपण त्या वाचणाऱ्या ओळीकडे बघत रात्र घालवतो.

प्रश्न : ताई, मी सपोर्टला आहे. आमची सीमध्ये लिहिलेली एक जुनी सर्व्हिस आहे, ती रात्री मधूनच पडते. कोअर फाइल (प्रोग्राम पडतो त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) बंद करून ठेवलीय त्यामुळे हातात काय तर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमधली एकच ओळ, 'सेगफॉल्ट अ‍ॅट १८', मग आयपी, एसपी आणि पुढे 'एरर ४'. डेव्हलपर मंडळी म्हणतात एवढ्यावरून काय कळणार. खरंच काही कळत नाही का?
– हिंजवडी

कळतं की, आणि बरंच कळतं. सेगफॉल्ट म्हणजे प्रोग्रामने मनाई असलेल्या पत्त्याला हात लावला. 'अ‍ॅट' च्या पुढचा आकडा म्हणजे ज्या पत्त्याला हात लावला तो पत्ता. तो हेक्समध्ये असतो, म्हणजे तुमचा १८ हा आपला २४. इतका छोटा पत्ता दिसला की समजायचं पॉइंटर (पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) नल, म्हणजे शून्य, होता आणि त्याच्यातून एखाद्या स्ट्रक्चरचा (एकत्र बांधलेल्या व्हेरिएबलच्या गठ्ठ्याचा) मेंबर काढायला गेलो. ६४ बिट मशीनवर एकेक पॉइंटर ८ बाइटचा, म्हणजे आधी तीन पॉइंटर असतील तर चौथा मेंबर बरोबर २४ वर येतो. जीडीबी ह्या डीबगरमध्ये 'पीटाइप स्लॅश ओ' दिलं की प्रत्येक मेंबर कितव्या बाइटवर आहे ते दिसतं, तुमच्या कोडमधली नेहमीची दोन-चार स्ट्रक्चर्स त्यातून काढा आणि २४ वर काय काय बसतं ते बघा, संशयित लगेच कमी होतात.

आता 'एरर ४'. x८६ वर हा आकडा तीन बिटांचा वाचायचा. १ चा बिट लागला असेल तर पान (मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांनी दिली जाते त्यातला एक) मेमरीत होतं पण परवानगी नव्हती, नसेल लागला तर तिथे पानच नव्हतं. २ चा बिट म्हणजे लिहायला गेला होता, नसेल तर वाचायला. ४ म्हणजे युजर प्रोग्रामकडून झालं. म्हणजे नुसता ४ = तुमचा प्रोग्राम, वाचत होता, तिथे काहीच नव्हतं. ६ असता तर लिहीत होता. आणि ७ दिसला तर मी सगळ्यात आधी कोडमधल्या स्ट्रिंग लिटरलकडे (कोडमध्येच अवतरणात लिहिलेल्या मजकुराकडे) बघते, कारण लिटरल रीड-ओन्ली पानावर असतात आणि त्यात कोणी एक अक्षर बदलायला गेलं की नेमका ७ येतो.

आयपी म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात बेस दिलेला असतो, तो आयपीतून वजा करा, आलेल्या आकड्यात त्या सेगमेंटचा (कोडच्या भागाचा) फाइलमधला ऑफसेट मिळवा आणि येणारा आकडा 'अ‍ॅडरटूलाइन' ला द्या, त्याच बिल्डची डीबग माहिती जपून ठेवली असेल तर ओळ नंबर मिळेल. ही 'जपून ठेवली असेल तर' ची अट फार ठिकाणी मोडते म्हणून मुद्दाम लिहितेय, सर्व्हरवर स्ट्रिप केलेली (डीबग माहिती काढून टाकलेली) फाइल टाका हवं तर, पण न स्ट्रिप केलेली एक कॉपी प्रत्येक रिलीजबरोबर बाजूला ठेवाच. आणि कोअर फाइल चालू करून घ्या, डिस्क भरते म्हणून बंद केली असेल तर संख्येवर किंवा साइझवर मर्यादा घाला, पण पूर्ण बंद नका करू.

प्रश्न : ताई, मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे. मिनी प्रोजेक्टमध्ये पुण्यातल्या बघण्यासारख्या ठिकाणांची यादी केलीय, स्ट्रक्चरमध्ये नाव १६ कॅरेक्टरचं आणि त्याच्या खाली भेट देणाऱ्यांचा आकडा, तो इंट (४ बाइटचा पूर्णांक). नावं इंग्रजीत टाइप केलीत. बाकी सगळं नीट येतं पण विश्रामबाग वाड्याला ३४० भरले तर २५६ दिसतात आणि टिळक स्मारक मंदिराला तर ७४९८०८४! आकडा एकदा भरल्यावर मी तो कुठेच बदलत नाहीये, सगळा कोड बघितला. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावला, व्हॅलग्रिंड लावला, मेमरीच्या चुका शोधणारी ही दोन्ही टूल म्हणतात एकही एरर नाही. मग हे कुठून येतंय?
– कर्वेनगर

तुझं पत्र मला फार आवडलं, कारण तू आकडे जसेच्या तसे लिहून पाठवलेस. 'आकडा चुकतो' एवढंच लिहिलं असतंस तर मला काही सांगता आलं नसतं. उत्तर त्या आकड्यांमध्येच आहे.

७४९८०८४ हेक्समध्ये लिहून बघ, ७२ ६९ ६४ येतं. इंटेलच्या मशीनवर सगळ्यात खालचा बाइट मेमरीत आधी बसतो, म्हणून उलटीकडून वाच, ६४, ६९, ७२ आणि शेवटी शून्य. अ‍ॅस्कीच्या तक्त्यात हे डी, आय, आर. आता टिळक स्मारक मंदिर हे इंग्रजी स्पेलिंगमध्ये मोज, मधल्या स्पेस धरून १९ कॅरेक्टर होतात, पहिली १६ तुझ्या नावाच्या जागेत बसली, मंदिरातलं 'मॅन' पर्यंत, आणि उरलेलं 'डीआयआर' आणि शेवटचा नल (स्ट्रिंग संपली हे सांगणारा शून्य बाइट) असे चार बाइट सांडले ते थेट खालच्या इंटवर. तुझा आकडा आकडा राहिलाच नाहीये, ती नावाची शेपटी आहे.

विश्रामबाग वाड्याची गोष्ट जास्त वाईट, कारण तिथे आलेला आकडा खरा वाटतो. तुझं स्पेलिंग नेहमीचंच असणार, ११ अक्षरं, एक स्पेस, ४ अक्षरं, बरोबर १६. म्हणजे नाव पूर्ण मावलं पण स्ट्रिंगच्या शेवटचा नल मावला नाही, तो एकटा बाइट खाली उतरला आणि त्याने तुझ्या इंटचा खालचा बाइट शून्य केला. ३४० म्हणजे २५६ अधिक ८४, ते ८४ पुसले गेले आणि २५६ उरले. १८० भरले असतेस तर ० दिसला असता आणि तू म्हणाली असतीस भरायचं राहिलं वाटतं. डेक्कन जिमखाना मात्र तुला कधीच त्रास देणार नाही, १५ कॅरेक्टर आणि नल, बरोबर १६.

आता एक करून बघ. सध्या तू आकडा आधी भरतेस आणि नाव नंतर स्ट्रकॉपीने (सीच्या स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनने) टाकतेस, नाहीतर असं होणार नाही. तो क्रम उलटा कर. आता आकडा ३४० च राहील, पण विश्रामबाग वाड्याचं नाव छापलंस तर शेवटी एक जास्तीचा कॅपिटल टी चिकटलेला दिसेल, कारण ८४ हा टी चा अ‍ॅस्की कोड, इंटने नावाचा नल खाऊन टाकला आणि प्रिंटएफ नल मिळेपर्यंत वाचतच गेला. चूक तीच, बाइट तोच, एकदा ती लिहिण्याची चूक म्हणून आकड्यात दिसते आणि एकदा वाचण्याची चूक म्हणून नावात दिसते. हे एकदा स्वतःच्या स्क्रीनवर बघितलंस ना की पुढे कितीतरी बग तुला आकडा बघूनच ओळखू येतील.

मग दोन्ही टूल गप्प का बसली? सॅनिटायझर मॅलॉकने (मेमरी मागायच्या फंक्शनने) घेतलेल्या प्रत्येक ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना मनाई केलेली पट्टी ठेवतो, ८ बाइटमागे १ बाइटची नोंदवही ठेवतो आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी ती तपासतो. व्हॅलग्रिंडचा मेमचेकही साधारण हेच विचारतो, हा पत्ता प्रोग्रामच्या ताब्यातला आहे का. तुझं सगळं स्ट्रक्चर २० बाइटचं, सांडलेलं सगळं त्या २० च्या आतच राहिलं. वाड्याला कुंपण आहे, पण आतल्या दोन खोल्यांच्या मधली भिंत कोणी ओलांडली तर कुंपणावरच्या राखणदाराला ते दिसत नाही. ही त्या टूलची खराबी नाही, त्यांचं कामच तेवढं आहे, पण कॉलेजात 'व्हॅलग्रिंड क्लीन म्हणजे प्रोग्राम बरोबर' असं सर्रास सांगतात आणि ते मला अजिबात पटत नाही.

इथे लागतो तो वॉचपॉइंट, म्हणजे मेमरीतल्या एका जागेवर बसवलेला पहारा. प्रोग्राम हायफन जी (म्हणजे डीबग माहिती ठेव) लावून कंपाइल कर, जीडीबीत घाल, आकडा भरण्याच्या ओळीनंतर थांब आणि त्या रेकॉर्डच्या आकड्यावर 'वॉच हायफन एल' लाव. हायफन एल महत्त्वाचं आहे, त्याने जीडीबी व्हेरिएबलच्या नावावर नाही तर त्या पत्त्यावर लक्ष ठेवतो, नाहीतर फंक्शन संपलं की वॉच निघून जातो. मग कंटिन्यू दे. ज्या क्षणी तिथला आकडा बदलेल त्या क्षणी प्रोग्राम थांबेल आणि जुनी किंमत ३४०, नवी २५६ असं समोर लिहून येईल. थांबलेली जागा तुझ्या कोडमधली नसेल, लिबसीच्या (सीच्या स्वतःच्या लायब्ररीच्या) स्ट्रकॉपीच्या आतली असेल, घाबरू नकोस, 'बीटी' (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं ती यादी) दे आणि वर तुझी स्वतःची ओळ शोध. लिहून झाल्यावर प्रोसेसर थांबवतो, म्हणून तुझ्या कोडमध्ये कधीकधी गुन्हेगार ओळीच्या पुढची ओळ दाखवली जाते, तेवढं लक्षात ठेव.

कोण वाचतंय हे बघायचं असेल तर 'आरवॉच', आणि दोन्ही हवं असेल तर 'एवॉच'. हे सगळं फास्ट चालतं कारण काम प्रोसेसर करतो, १९८५ च्या ८०३८६ पासून त्यासाठी डीबग रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागा) आहेत, पण पत्ते ठेवायला चारच आणि एकेक जास्तीत जास्त ८ बाइटचा. त्यापेक्षा जास्त मागितलंस तर जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन चालवून स्वतः बघायला लागतो आणि प्रोग्राम शेकडो पट हळू होतो, मग अख्खा अ‍ॅरे वॉच करण्यापेक्षा बिघडलेला एक बाइट नेमका शोध आणि त्याच्यावरच लाव. सिस्टिम दर रनला पत्त्यांची सरमिसळ करते ती जीडीबी आपोआप बंद ठेवतो, त्यामुळे इनपुट तेच असेल तर सहसा पुढच्या रनमध्येही पत्ता तोच मिळतो. पहिल्या रनला पत्ता लिहून घ्यायचा, दुसऱ्या रनला सुरुवातीपासून त्याच्यावर पहारा.

पुढे कधी लिनक्सवर मोझिलातून आलेला 'आरआर' वापरून बघ. प्रोग्राम एकदा रेकॉर्ड करायचा, चुकीचा आकडा दिसला की तिथे वॉच लावायचा आणि उलटं चालवायचं, तो मागे मागे जाऊन शेवटचं लिहिणं जिथे झालं तिथेच थांबतो. लिहिण्याच्या चुकीवर ह्याच्याइतकं थेट हत्यार मी दुसरं बघितलेलं नाही.

दुरुस्ती छोटी आहे. स्ट्रकॉपीच्या जागी एसएनप्रिंटएफ, साइझला साइझऑफ, आणि तो परत देतो ती लांबी तपास, १६ किंवा जास्त आली तर नाव मावलं नाही असं युजरला सांग. स्ट्रएनकॉपी नको, जागा पूर्ण भरली तर तो नल टाकतच नाही, तू परत त्याच टी वर येशील. आणि जीसीसी कंपायलरला ऑप्टिमायझेशन चालू करून फॉर्टिफाय सोर्स २ दे, तो स्ट्रकॉपीच्या वेळी मेंबरचा साइझ बघतो, तुझा हा बग त्याने 'बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड' म्हणून पकडला असता.

प्रश्न : लिहिलं तर बिघडतं हे समजलं. पण अ‍ॅरेच्या पुढचे दोन-चार बाइट नुसते वाचले तर काय होतं? बदलत तर काही नाही ना.
– चिंचवड

बदलत नाही, बाहेर जातं. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालेला हार्टब्लीड हा असाच नुसता वाचण्याचा बग होता. ओपनएसएसएल ह्या वेबवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीला समोरचा माणूस सांगायचा की मी इतके बाइट पाठवलेत, तेवढे परत दे, आणि लायब्ररी खरे किती आले ते न तपासता तेवढे परत द्यायची, एका वेळी ६४ केबीपर्यंत. शेजारच्या मेमरीत जे असेल ते, पासवर्ड म्हणा, सर्व्हरची प्रायव्हेट की म्हणा. प्रोग्राम पडत नव्हता, लॉगमध्ये काही येत नव्हतं, आणि म्हणूनच तो दोन वर्षं कोणाच्या लक्षात आला नाही. मेमरी ४०९६ बाइटच्या पानांनी दिली जाते, त्यामुळे थोडंसं पुढे वाचलं तर बहुतेक वेळा आपण आपल्याच पानावर असतो आणि प्रोसेसरला तक्रार करायचं कारणच नसतं. तेव्हा 'नुसतं वाचतोय' असं म्हणू नका.

प्रश्न : मॅडम, आमचं छोटं युनिट आहे, मशीनचे कंट्रोलर बनवतो, कॉर्टेक्स एम४ प्रोसेसरचा बोर्ड आहे. मधूनच हार्डफॉल्ट येतो (प्रोसेसर चूक पकडून थांबतो). स्टॅकवरून (फंक्शन वापरतात त्या तात्पुरत्या जागेवरून) पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) काढला तर तो दर वेळी अगदी साध्या ओळीवर दाखवतो, एकदा तर दोन रजिस्टरची बेरीज होती. बेरीज करताना कसा काय बसफॉल्ट येईल? सीएफएसआरमध्ये हेक्स ४०० दिसतं.
– भोसरी

तुम्ही ४०० लिहून पाठवलंत त्यामुळे बरंच सोपं झालं. सीएफएसआर हे फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर ई०००ईडी२८ ह्या पत्त्यावर असतं आणि त्यातला ४०० म्हणजे शून्यापासून मोजून दहावा बिट, इम्प्रिसाइज बसफॉल्ट : बसने (प्रोसेसर आणि मेमरीमधल्या रस्त्याने) पत्ता नाकारला, पण नेमकी इन्स्ट्रक्शन कळली नाही. बेरजेचा दोष नाही. त्याच्या आधी कुठेतरी चुकीच्या पत्त्यावर लिहिलं गेलंय. लिहिताना प्रोसेसर वाट बघत नाही, डेटा राइट बफरमध्ये टाकून पुढच्या कामाला लागतो, आणि बसकडून 'हा पत्ता चालत नाही' असं उत्तर येईपर्यंत तो काही इन्स्ट्रक्शन पुढे गेलेला असतो, मग तेव्हा जी चालू असेल तिच्या नावावर फॉल्ट लागतो. वाचताना असं होत नाही कारण वाचलेली किंमत हातात आल्याशिवाय लोड पूर्णच होत नाही.

उपाय असा की ई०००ई००८ ह्या पत्त्यावरच्या एसीटीएलआर रजिस्टरचा १ नंबरचा बिट, त्याचं नाव डिसडेफडब्ल्यूबफ, तो सुरुवातीलाच सेट करा. राइट बफर बंद होतो, बोर्ड थोडा हळू चालतो, पण आता फॉल्ट आला की सीएफएसआरमध्ये ८२०० दिसायला हवं, म्हणजे फॉल्ट प्रिसाइज आहे आणि ई०००ईडी३८ वरच्या बीएफएआरमध्ये तो चुकीचा पत्ता धरून ठेवलाय. पीसीही मग खऱ्या स्टोअर इन्स्ट्रक्शनवर येईल. हे फक्त शोधण्यापुरतं ठेवा, मशीनवर जाणाऱ्या बिल्डमध्ये काढून टाका.

पत्ता हातात आल्यावर तो नीट बघा. एखाद्या पेरिफेरलच्या (टायमर, सिरियल पोर्ट अशा चिपवरच्या भागाच्या) हद्दीतला असेल तर त्याचा क्लॉक चालू करायच्या आधीच कोणी त्याच्यात लिहीत नाहीये ना हे पहिलं तपासा. अगदीच भलता पत्ता असेल तर पॉइंटर स्वतःच आधी कोणीतरी बिघडवलाय, मग तो पॉइंटर जिथे ठेवलाय त्या रॅमच्या जागेवर वॉचपॉइंट लावायचा, एम४ मध्ये त्यासाठी डीडब्ल्यूटी नावाचं युनिट असतं, बहुतेक चिपवर चार जागा मिळतात, आणि तुमच्या डीबगरमधून जीडीबीचा तोच 'वॉच' चालतो. इंटरप्टमध्ये वापरलेल्या बफरचा आणि टास्कच्या स्टॅकचा साइझ मी पहिल्यांदा बघेन, एवढ्या छोट्या रॅममध्ये स्टॅक खाली सरकत सरकत ग्लोबल व्हेरिएबलवर कधी चढला ते कळतही नाही.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर प्रोग्राम नीट चालतो, लॅबमध्ये सबमिशनला मात्र दर वेळी वेगळंच उत्तर. मधे एक प्रिंटएफ टाकला की परत बरोबर येतं! पडत कधीच नाही.
– सदाशिव पेठ

एखादं व्हेरिएबल किंमत न देताच वाचतोयस. कर्नलकडून नवीन पान आलं की ते शून्य भरलेलं असतं, म्हणून मॅलॉकने दिलेली ताजी जागा बऱ्याचदा शून्य दिसते आणि वाटतं सगळं बरोबर आहे, पण तीच जागा फ्री होऊन परत मिळाली की त्यात आधीचा कचरा असतो. प्रिंटएफ टाकल्यावर स्टॅकवरचा कचरा बदलतो, बग तिथेच असतो.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर इथे उपयोगाचा नाही, तो पत्ता बघतो, त्यात किंमत भरली होती की नाही ते बघत नाही. व्हॅलग्रिंड लाव, प्रोग्राम वीस-तीस पट हळू होईल, चालेल. फक्त तो न भरलेली किंमत कॉपी करताना काही बोलत नाही, तिच्यावर एखादा इफ अवलंबून असला की मग बोलतो, त्यामुळे दाखवलेली ओळ मूळ ओळीपासून बरीच लांब असू शकते. म्हणून 'ट्रॅक ओरिजिन्स' चालू ठेवून चालव, म्हणजे ती किंमत कुठल्या मॅलॉकमधून किंवा कुठल्या फंक्शनच्या स्टॅकवरून आली ते खाली लिहून येईल, आणि दुरुस्ती तिथे कर, इफच्या ओळीवर नाही.